आईचं हिमोग्लोबिन का वाढत नव्हतं

२०२२ च्या दिवाळीनंतर आईच्या रक्ताचा रिपोर्ट आला, त्यात हिमोग्लोबिन ९.६ होतं. आमच्या सांगलीतल्या फॅमिली डॉक्टरांनी तिच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि म्हणाले, "या वयात बायकांचं थोडंफार कमी असतंच. लोहाच्या गोळ्या देतो, तीन महिन्यांनी परत बघू." आई तेव्हा ६४ वर्षांची. गोळ्या सुरू झाल्या. घरात खजूर आले, अळिवाचे लाडू वळले गेले, कोशिंबिरीत रोज बीट पडायला लागलं, माळ्यावरची लोखंडी कढई खाली उतरली. मावशीने कोल्हापूरहून गुळाची ढेप पाठवली. तीन महिन्यांनी तपासलं तर हिमोग्लोबिन ९.१.

ज्यांच्या घरात कॅन्सरमधून बरं झालेलं माणूस आहे त्यांनी हे वाचावं म्हणून लिहिते आहे. तशी घरं आता प्रत्येक गल्लीत आहेत. ऑपरेशन होतं, केमो होते, रेडिएशन होतं, पाच वर्षं सरतात आणि त्या आजाराची फाइल कपाटात सर्वांत खाली जाते. पुढे कधीतरी रक्ताच्या रिपोर्टात एक आकडा खाली येतो, आणि त्या आकड्याचा त्या फाइलशी काही संबंध असेल हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

आईची फाइल २०१४ ची. डाव्या स्तनात गाठ, काखेतल्या गाठींपर्यंत पोचलेली. ऑपरेशन आणि केमो परळच्या टाटा हॉस्पिटलात झाली. त्या काळात दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने आम्हाला आसरा दिला. तिथल्या लोकांचे उपकार आमच्या घरात आजही बोलून दाखवले जातात. केमोत आधी ते लाल औषध आणि त्याच्यासोबत आणखी एक, नंतर दुसरं औषध. रेडिएशन मात्र मिरजेत घेतलं, रोज घरून जाऊन-येऊन. मग पाच वर्षं रोज एक हार्मोनची गोळी. २०२० मध्ये ती गोळीही थांबली. वर्षातून एकदा मॅमोग्राफी, तीही दरवेळी स्वच्छ. आई भिशीला जायला लागली, उन्हाळ्यात गच्चीवर पापड घालायला लागली, नातवाला शाळेच्या रिक्षापर्यंत सोडायला लागली.

त्यामुळे २०२२-२३ मध्ये कुठलाही नवा डॉक्टर "आधी काही मोठा आजार?" असं विचारायचा तेव्हा ती म्हणायची, "होता, पण ते सगळं बरं झालं." तिच्या दृष्टीने ते खरंच होतं. एवढ्या मोठ्या दुखण्यातून जो बाहेर पडतो त्याला ते मागे टाकायचंच असतं, आणि तो त्याचा हक्क आहे. समोरचा डॉक्टरही पुढे काही विचारायचा नाही. कुठला कॅन्सर, कुठली औषधं, किती रेडिएशन, यातलं काहीच नाही.

दरम्यान आई थकत होती. म्हणजे काय होत होतं ते नीट सांगते, कारण "थकवा" म्हटलं की सगळे मान हलवून पुढे जातात. कणीक तिंबता तिंबता ती मध्येच थांबायची, पीठ लागलेले हात तसेच परातीत ठेवून स्टुलावर बसायची, आणि दोन मिनिटांनी पुन्हा सुरू करायची. गच्चीच्या जिन्यात एक खिडकी आहे. तिथे थांबून बाहेर बघायची सवय तिला लागली. आम्हाला वाटायचं रस्त्यावर काही बघत असेल. रात्री उशीवर डोकं टेकलं की कानात ठोके ऐकू येतात म्हणायची. तळहात पांढुरके झाले होते, आणि मेंदी काढली तेव्हा रंग त्यावर वेगळाच उठून दिसला.

दुसऱ्या एका फिजिशियनकडे गेलो. त्यांनी गोळ्या पचत नसतील म्हणून लोहाची इंजेक्शनं सलाइनमधून दिली आणि सोबत बी-१२ चा कोर्स. शरीरात लोह मुळात किती आहे हे तपासलं नाही, बी-१२ सुद्धा आधी मोजलं नाही. पोटातून रक्त जातंय का बघायला एंडोस्कोपी आणि कोलोनोस्कोपी झाली. पोट साफ करायची ती पावडर पाण्यात कालवून रात्रभर प्यायची शिक्षा तिने निमूट सोसली. दोन्ही स्वच्छ निघाल्या. २०२३ च्या शेवटी हिमोग्लोबिन ८.४.

मी सहकारी बँकेत आहे. आकडे एका ओळीत मांडल्याशिवाय मला काही समजल्यासारखं वाटत नाही. एका रविवारी घरातल्या सगळ्या पिशव्यांमधले रिपोर्ट काढले आणि वहीत रकाने आखले. आतापर्यंत प्रत्येक डॉक्टर ज्या आकड्याभोवती पेनाने गोल करायचे तो एकच होता, हिमोग्लोबिन. पण सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, त्याच कागदावर बाकीच्याही ओळी असतात. २०१६ मध्ये हिमोग्लोबिन १२.४, प्लेटलेट्स २ लाख ६० हजार, पांढऱ्या पेशी ६,८००, आणि एमसीव्ही नावाची एक ओळ, ९१. ही ओळ म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, आणि तो ८० ते १०० च्या दरम्यान असावा लागतो. २०२१ मध्ये हिमोग्लोबिन ११.२, प्लेटलेट्स १ लाख ९० हजार, एमसीव्ही ९९. आणि आता प्लेटलेट्स १ लाख १० हजार, पांढऱ्या पेशी ३,१००, एमसीव्ही १०८. एकेक कागद वेगळा पाहिला तर कुठलाच आकडा दचकावणारा नव्हता. रकान्यांत मात्र दिसलं की तीन ओळी वर्षांमागून वर्षं एकत्र खाली येत होत्या आणि चौथी वर चढत होती.

लोह कमी पडलं की लाल पेशी सहसा लहान होतात, हे मला त्याच आठवड्यात कळलं. आईच्या तर मोठ्या होत चालल्या होत्या. म्हणजे वर्षभर आम्ही ज्या रोगावर उपचार करत होतो तो हा नव्हताच. माझा राग इथे आहे आणि तो मी झाकणार नाही. कॅन्सरची केमो घेतलेल्या बाईच्या तिन्ही प्रकारच्या पेशी घसरत असताना तिला लोहामागून लोह देत राहणं हे चूक आहे. त्याला महागडं मशीन लागत नव्हतं, हातातला कागद पूर्ण वाचायला हवा होता.

दादा पुण्यात असतो. त्याने तिथल्या एका रक्तविकारतज्ज्ञ डॉक्टरांची वेळ घेतली. बाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी आईची नाडी पाहिली, मान आणि काखा चाचपल्या, प्लीहा वाढली आहे का ते दाबून पाहिलं, आणि मग माझी वही हातात घेऊन बराच वेळ गप्प राहिल्या. पहिला प्रश्न विचारला तो २०१४ चा. "काकू, तेव्हा कुठली औषधं दिली होती? नावं आणि डोस आहेत का?" टाटाची समरी आम्ही सोबत नेली होती. त्यातल्या सायक्लोफॉस्फमाइड आणि डॉक्सोरुबिसिन या दोन नावांखाली त्यांनी रेघ मारली. डॉक्सोरुबिसिन म्हणजेच ते लाल औषध. रेडिएशनचा डोस त्या कागदात नव्हता, तो मिरजेहून मागवून घ्यायला सांगितलं. तिथल्या रेकॉर्ड विभागाने दहा वर्षांपूर्वीचा कागद शोधून दिला. २५ दिवसांत ५० ग्रे.

मग त्यांनी एकेक गोष्ट बाजूला काढायला सुरुवात केली. आकाराने मोठ्या पेशी बी-१२ किंवा फॉलिक ॲसिड कमी असलं तरी होतात, थायरॉइड मंदावलं तरी, यकृताच्या आजारातही. किडनी बिघडली तरी रक्त कमी होतं. शरीर स्वतःच्याच लाल पेशी फोडत असेल तरीही. मायलोमा, म्हणजे हाडांच्या मज्जेतला एक कॅन्सर, आहे का तेही बघायचं. या सगळ्याचं रक्त एकदमच घेतलं, आणि एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली की हे सगळं रक्त चढवण्याआधी व्हायला हवं. एकदा दुसऱ्याच्या पेशी आत मिसळल्या की निम्म्या तपासण्यांचा अर्थ लावता येत नाही. बी-१२ चंही तसंच. इंजेक्शन घेऊन मोजलं तर आकडा चांगलाच येणार, म्हणून त्यांनी सोबत होमोसिस्टिनसारख्या आणखी दोन तपासण्या लावल्या.

रिपोर्ट आले. थायरॉइड नॉर्मल. किडनी नॉर्मल. कूम्ब्ज, म्हणजे शरीर स्वतःच्या लाल पेशी फोडतंय का ते बघणारी तपासणी, निगेटिव्ह. बी-१२, फॉलेट नॉर्मल. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, ५१० निघाला, भरपूर. आणि रेटिक्युलोसाइट, म्हणजे हाडांच्या आतल्या, रक्ताच्या पेशी बनवणाऱ्या मज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या नव्या लाल पेशी, त्या ०.६ टक्के. एवढं रक्त कमी असताना मज्जेने नव्या पेशींचा धडाका लावायला हवा होता. ती तर जेमतेम चालली होती.

नातेवाइकांना आनंद झाला. "सगळं नॉर्मल आहे ना, मग कशाला घाबरवता तिला?" असे फोन आले. त्यांची माया खरी होती. पण दर नॉर्मल रिपोर्टागणिक एकेक साधं कारण गळून पडत होतं, आणि बरं करायला सोपं असं जे जे होतं ते सगळं त्या यादीतून जात होतं. थायरॉइड तरी निघू दे, असं मी देवाला म्हटलं होतं.

राहिल्या दोन शक्यता. जुना कॅन्सर परत येऊन हाडांत शिरला असेल, किंवा मज्जाच बिघडली असेल. अंगभर कुठे कॅन्सर आहे का ते शोधणारा पेट स्कॅन झाला. कुठेही काही नाही. त्या संध्याकाळी आईने देवापुढे साखर ठेवली आणि सगळ्यांच्या हातावर दिली. दादा, वहिनी, सगळे मोकळेपणाने हसले. डॉक्टरबाईंनी दुसऱ्या दिवशी बोन मॅरोची, म्हणजे मज्जेच्या तपासणीची, तारीख दिली.

या तपासणीची लोकांना फार भीती असते, म्हणून जे पाहिलं ते सांगते. डे-केअरमधली साधी खोली. आईला कुशीवर झोपवून गुडघे पोटाशी घ्यायला लावले. कमरेच्या मागे, नितंबाच्या वर हाडाचा उंचवटा लागतो, तिथे बोटाने जागा शोधली. भुलीचं इंजेक्शन कातडीत आणि मग हाडाच्या वरच्या आवरणापर्यंत. त्याची आग होते, ती लवकर ओसरते. जाड सुई आत जाताना फक्त दाब जाणवतो, असं आई म्हणाली. ती रामरक्षा म्हणत होती. "काकू, आता एकदम ओढ लागेल, पाच सेकंद," असं म्हणून डॉक्टरांनी सिरिंज मागे खेचली. रामरक्षा थांबली. माझ्या मनगटावर तिची नखं रुतली. मग पुन्हा पुढच्या ओळीपासून सुरू झाली.

तंत्रज्ञ मुलगा तिथेच ट्रॉलीवर काचपट्ट्या बनवत होता. सिरिंजमधलं रक्त त्याने काचेवर ओतलं, पट्टी तिरकी केली, तर लाल रक्तात रव्याएवढे पांढरट कण दिसले. "हे दिसले म्हणजे माल बरोबर आला," म्हणाला, "नुसतं रक्त आलं असतं तर परत करावं लागलं असतं." उरलेलं हिरव्या झाकणाच्या नळीत गुणसूत्रांसाठी आणि जांभळ्या झाकणाच्या नळीत जनुकांसाठी गेलं. शेवटी दुसऱ्या सुईने हाडाचा दीडेक सेंटिमीटरचा तुकडा काढला आणि फॉर्मलिनच्या बाटलीत टाकला. प्लेटलेट्स कमी म्हणून दाबपट्टी बांधून तिला तासभर उताणं झोपवलं. संध्याकाळी ती घरी येऊन वरणभात जेवली. दुसऱ्या दिवशी तिथे आपटल्यासारखं दुखत होतं, बाकी काही नाही.

काचपट्ट्यांचा रिपोर्ट आठवड्यात आला, गुणसूत्रांना मात्र तीन आठवडे लागतात. पेशी प्रयोगशाळेत वाढवाव्या लागतात आणि नेमक्या विभाजनाच्या वेळी थांबवाव्या लागतात, तेव्हाच गुणसूत्रं वेगवेगळी दिसतात. त्या तीन आठवड्यांत हिमोग्लोबिन ६.९ वर आलं आणि पहिल्यांदा रक्त चढवायची वेळ आली. मे महिना होता. महाराष्ट्रात मे महिन्यात रक्ताची काय अवस्था असते ते ज्याला लागतं त्यालाच कळतं. कॉलेजं बंद, शिबिरं नाहीत, लोक गावी गेलेले. गणपतीत, शिवजयंतीला, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला मांडवामांडवात शिबिरं होतात आणि उन्हाळ्यात रक्तपेढ्यांची कपाटं रिकामी असतात. दादाच्या ऑफिसातल्या मुलांनी रक्त दिलं. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि बाईला चार महिन्यांनी पुन्हा देता येतं, हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर लागतं. त्या दिवसापासून माझ्या फोनमध्ये कोणी कधी दिलं याची यादी आहे. वाचणाऱ्यांपैकी जे देऊ शकतात त्यांनी मे आणि दिवाळीच्या सुट्टीत द्यावं, ही माझी हात जोडून विनंती आहे.

एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने वाढतं. पहिली पंधरा मिनिटं अगदी सावकाश सोडतात, सिस्टर शेजारी उभ्या राहून ताप, नाडी बघतात, आणि चार तासांच्या आत पिशवी संपवायची असते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा आई दादाच्या स्वयंपाकघरात पोह्यांचा कांदा चिरत होती. किती महिन्यांनी.

गुणसूत्रांचा रिपोर्ट आला त्या दिवशी दादा आधी एकटा डॉक्टरांना भेटायला निघाला होता. आईला नंतर थोडं थोडं सांगू, असं त्याचं म्हणणं. आईने चपला घातल्या. "२०१४ ला मलाच सांगितलं होतं. आताही मलाच सांगतील. तुम्ही दोघं पाहिजे तर शेजारी बसा."

एमडीएस. मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम, जुन्या उपचारांमुळे झालेला. मज्जा पेशी बनवते पण त्या धड बनत नाहीत, बऱ्याचशा बाहेर पडण्याआधीच मरतात. तपासलेल्या २० पेशींपैकी १४ मध्ये सातव्या क्रमांकाच्या गुणसूत्राची एक प्रत गायब होती. डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून सांगितलं. कॅन्सरच्या पेशी मारणारी औषधं त्यांच्या डीएनएवर घाव घालतात. तोच घाव मज्जेतल्या एखाद्या मूळ पेशीवरही पडतो. बहुतेक वेळा ती पेशी मरते किंवा दुरुस्त होते. क्वचित एखादी जखमी राहून जगते, आणि तिची पिलावळ वाढत वाढत पाच ते दहा वर्षांनी मज्जा व्यापते. स्तनाच्या कॅन्सरसाठी केमो घेतलेल्या बायकांत दहा वर्षांत शंभरातल्या एकीलाही हे होत नाही.

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे. हे वाचून कुणी केमो नाकारायला निघेल तर मला फार वाईट वाटेल. लिफ्टमधून खाली येताना माझ्याही डोक्यात त्या लाल औषधाविषयी चीड होती. पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना सरळ विचारलं. त्यांनी २०१४ चा रिपोर्ट समोर ठेवला. काखेतल्या गाठींत पसरलेला कॅन्सर केमोशिवाय परत येण्याचा धोका आजच्या या आजाराच्या धोक्याच्या कैक पट होता. त्या वेळी त्या कागदावर तोच निर्णय बरोबर होता आणि आजही मी तोच घेईन.

आईने मात्र यातलं काही विचारलं नाही. तिचा प्रश्न होता, "हे माझ्या पोरीला होईल का?" हा आजार आईकडून मुलीकडे जात नाही, पण काही घरांत कॅन्सरकडे झुकवणारी जनुकं असतात, आणि अशा लोकांना उपचारांनंतर मज्जेचा त्रासही जास्त होऊ शकतो. म्हणून आईची अनुवंशिक तपासणी झाली. काही निघालं नाही. तो कागद मी माझ्याही फाइलला लावला आहे.

हा आजार पुढे रक्ताच्या कॅन्सरमध्ये बदलू शकतो, आणि सातवं गुणसूत्र गेलेला प्रकार हट्टी असतो, हे डॉक्टरांनी लपवलं नाही. मुळापासून बरं करणारा उपाय एकच, बोन मॅरो ट्रान्सप्लांट. त्यासाठी हृदय तपासलं तर पंपिंग ४० टक्के. तेही बहुधा त्या लाल औषधाचंच देणं, आणि जिन्यातल्या खिडकीशी थांबण्यात त्याचाही वाटा असणार. ट्रान्सप्लांट तिला झेपणार नाही असं ठरलं. राहिलं ॲझासिटिडीन, पोटाच्या कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन, दर महिन्याला सात दिवस. सोमवार ते शुक्रवार, मग शनिवार-रविवार सुट्टी, मग सोमवार-मंगळवार. डॉक्टरांनी सविस्तर चिठ्ठी दिली आणि इंजेक्शनं मिरजेच्या डे-केअरमध्येच घ्यायची सोय झाली. आजारी माणसाला महिन्यातून सात दिवस पुण्याला नेणं आमच्याने झालं नसतं.

गुण यायला चार ते सहा कोर्स लागतात आणि सुरुवातीला आकडे आणखी खाली जातात, हे आधी सांगितलेलं होतं म्हणून आम्ही टिकलो. पोटावर लाल-जांभळे चट्टे, मळमळ, बद्धकोष्ठ. इसबगोल आणि ताकावर निभावलं. दुसऱ्या कोर्सनंतर एका रात्री तिला १०१ ताप आला. पांढऱ्या पेशी कमी असताना १००.४ च्या वर ताप म्हणजे घरी गोळी देऊन वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल, असं चिठ्ठीत ठळक लिहिलं होतं. जवळच्या हॉस्पिटलातला ड्युटीवरचा मुलगा तापाची गोळी देऊन सकाळी या म्हणत होता. मी ती चिठ्ठी त्याच्यासमोर धरली. त्याने वाचली, वरिष्ठांना फोन लावला, आणि तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं. चिठ्ठीची झेरॉक्स माझ्या पर्समध्ये, दादाच्या गाडीत आणि आईच्या उशाशी आहे.

लोहाचं आता उलटं झालं. रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर दोनशेच्या वर मिलिग्रॅम लोह शरीरात येतं आणि ते बाहेर टाकायची वाट शरीराला नाही. ते यकृतात आणि हृदयात साठतं. फेरिटिन १,४०० झालं तेव्हा लोह बाहेर काढणारी गोळी सुरू झाली. तरी भेटायला येणारी माणसं रक्तवाढीची टॉनिकं घेऊन येतात. आई ती घेते, चहा पाजते, आणि ते गेल्यावर बाटली माझ्याकडे देते.

आणखी एक गोष्ट, जी आम्हाला आधी माहीत नव्हती. वारंवार रक्त घेतलं की शरीर परक्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी बनवू शकतं. एकदा रक्तपेढीतून फोन आला की काकूंचं रक्त कुठल्याच पिशवीशी जुळत नाही. गट तोच, बी पॉझिटिव्ह, तरी नाही. दीड दिवसाने अँटी-ई नावाची अँटिबॉडी सापडली. तेव्हापासून तिच्यासाठी ई-निगेटिव्ह, म्हणजे लाल पेशींवर ई हा घटक नसलेली, पिशवी शोधावी लागते आणि नमुना दोन दिवस आधी द्यावा लागतो. रक्तपेढीने तसं लिहिलेलं कार्ड दिलं आहे. ते नसताना दुसऱ्या गावी अचानक रक्त लागलं तर गोंधळ होईल, म्हणून त्याचा फोटो सगळ्यांच्या फोनमध्ये आहे.

आज, २०२५ च्या सुरुवातीला, दर पंधरवड्याला लागणारं रक्त पाच-सहा आठवड्यांवर गेलं आहे. प्लेटलेट्स ८० हजारांच्या आसपास. मज्जा पुन्हा तपासली तेव्हा बिघडलेल्या पेशी कमी झाल्या होत्या, गेल्या नव्हत्या. हे किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणतात आणि मला त्यांचं तसं सांगणं आवडतं.

संक्रांतीला दादा आला होता तेव्हा आईने आम्हा दोघांना बसवून सांगितलं की आजार पुढे गेला तर तिला आयसीयूत ठेवायचं नाही, नळ्या घालायच्या नाहीत, घरी राहायचं आहे. दादाला ते ऐकवलं नाही, तो उठून गॅलरीत गेला. मला वाटतं तिचं ऐकावं. अजून आमचं एकमत झालेलं नाही. पुढच्या भेटीत ती हे स्वतः डॉक्टरांसमोर बोलणार आहे आणि ते तिच्या केसपेपरवर लिहून घ्यायचं आहे. त्याआधी शनिवारी सीबीसी आणि रक्तपेढीला नमुना, आणि सोमवारपासून पुढचा कोर्स.